चट्टा

पास्काचा सण आटोपला की घरे आशीर्वादित करावयास धर्मगुरू बाहेर पडतात, ही आपली जुनी चाल आहे. पुढे पवित्र पाण्याचे भांडे घेतलेला वेदीसेवक, मागे झगा सावरीत धर्मगुरू, आणि दारोदारी सारवून-पुसून ठेवलेल्या ओट्या. मेणबत्ती पेटलेली असते, मुले हात जोडून ओळीने उभी असतात. एक शिंपडा ओटीवर, एक स्वयंपाकघरात, एखादा अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या खाटेवर, की निघालो पुढच्या घरी. एका सकाळी चाळीस-पन्नास घरे होतात. घर किती पाहिले, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एवढेच, की पाहुण्याला दाखवतात तेवढे.

देवळाच्या मागच्या आवारात आमच्या धर्मग्रामाच्या मालकीची आठ खोल्यांची एक कौलारू चाळ आहे. २०१७ साली माझी बदली येथे झाली तेव्हा देवळाच्या किल्ल्यांबरोबर तिच्याही कागदपत्रांची पिशवी माझ्या स्वाधीन करण्यात आली. दोन खोल्यांत जुने भाडेकरू, उरलेल्या सहा अकरा महिन्यांच्या करारावर दिलेल्या. भाडे महिना साडेतीन हजार, अनामत वीस हजार. त्या पैशांतून दफनभूमीची निगा आणि गरीब मुलांची फी भागते. म्हणजे कागदोपत्री मी मेंढपाळ, आणि पिशवीतल्या कागदांप्रमाणे घरमालक. दुसऱ्या पदाचे शिक्षण सेमिनरीत मिळत नाही.

हे मी केवळ माझ्याविषयी सांगत नाही. वसईत आज किती कॅथलिक कुटुंबे घरमालक आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. केळीची बाग गेली, पानवेली सुकल्या, विहिरी मचूळ झाल्या. पण घरामागची पाच गुंठे जागा राहिली आणि तिथे चार खोल्या उभ्या राहिल्या. पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या आईबापांना त्या खोल्यांनीच म्हातारपणी आधार दिला. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ज्या माणसाचे वाडवडील स्वतःच्याच जमिनीवर स्वतःच्याच घरात राहिले, त्याला भाड्याच्या खोलीत राहणे म्हणजे काय, हे सहसा माहीत नसते. मला तरी नव्हते.

२०१८ च्या फेब्रुवारीत, एका सायंकाळच्या मिस्सानंतर, चौथ्या खोलीतील बाई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. खानदेशातले कुटुंब. नवरा एका गाळ्यात सुतारकाम करी, ती दोन घरची धुणीभांडी. पदरी दोन मुली. त्यांची श्रद्धा आपली नव्हती, तरी नाताळच्या गोठ्यापाशी त्या मुली सर्वांत आधी हजर असत. बाईने आत येण्याआधी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिले. कुणी पापनिवेदनाला यावे तशी तिची मुद्रा होती.

"फादर, खोलीत ढेकूण झालेत."

मी काय उत्तर दिले, ते मला शब्दशः आठवते. आणि आठवू नये असे वाटते. मी म्हणालो, "ताई, ढेकूण काही भिंतीत जन्माला येत नाहीत. कुणाच्या तरी सामानातून येतात. खोली स्वच्छ ठेवा, अंथरुणे उन्हात घाला." ती "बरं फादर" म्हणाली आणि गेली. हात उंचावून तिने कोपरापर्यंत उठलेल्या गांधी मला दाखवल्याही नाहीत. त्या मी नंतर धाकट्या मुलीच्या मानेवर पाहिल्या, तेव्हा मला वाटले, घामोळे असेल.

माझ्या त्या उत्तरात अर्धे सत्य होते, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होते. ढेकूण सामानातून येतो हे खरे. परंतु तो घाणीतून जन्मत नाही. त्याला उष्टे-खरकटे लागत नाही, त्याला माणसाचे रक्त लागते, आणि ते श्रीमंताचेही चालते. टाचणीची टोके मावतील अशा फटीत तो दिवसभर दडून राहतो: खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, विजेच्या बटणांच्या पेटीमागे, भिंतीच्या भेगेत. उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून खोली रिकामी ठेवली की तो मरेल हा भ्रम. त्याच्या चाव्याने रोग पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. पण झोप जाते, आणि रोज पहाटे उठून कामाला जाणाऱ्या माणसाची झोप जाणे हा काही लहानसा आजार नव्हे. फवारणीने मोठे ढेकूण मरतात, अंडी राहतात. ती आठ-पंधरा दिवसांत फुटतात. म्हणून पंधरवड्याने दुसरी फवारणी करावीच लागते. आणि एका खोलीत औषध मारले, की जे जगतात ते भिंतीपलीकडच्या खोलीत बिऱ्हाड करतात.

यातले पुष्कळसे मला ठाऊक असावयास हवे होते. सेमिनरीच्या पहिल्या वर्षी आमच्या शयनगृहात ढेकूण झाले होते. तीस खाटा, तीस मुले, आणि पहिल्या महिन्यात एकाही मुलाने तोंड उघडले नाही. ज्याच्या खाटेत ते निघतील त्याचे उरलेल्या सात वर्षांचे टोपणनाव ठरलेले, हे प्रत्येकाला कळत होते. रात्री टॉर्च पांघरुणात घेऊन आम्ही एकेकटे शिकार करीत असू. शेवटी आमच्या वृद्ध रेक्टरांच्या ते लक्षात आले. त्यांनी चौकशी केली नाही. एका शनिवारी तिसाच्या तीस खाटा गच्चीवर न्यायला लावल्या, सांध्या-सांध्यांत उकळते पाणी ओतवले, आणि सुरुवात कुणाच्या खाटेपासून झाली हे विचारायचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. त्या शनिवारी आम्ही गच्चीवर किती हसलो होतो! ढेकूण मेले ते उकळत्या पाण्याने, हे खरे. पण त्यांना महिनाभर जगवले होते आमच्या लाजेने. पस्तीस वर्षांनी चौथ्या खोलीतील बाईपुढे मला ती गच्ची आठवली नाही.

त्या कुटुंबाने उन्हाळ्यात पदरच्या पैशांनी तीन वेळा फवारणी करून घेतली, दर वेळी दीड हजार रुपये देऊन. दर वेळी तीन आठवडे बरे जात आणि मग पुन्हा तेच. मला यातले काहीच समजले नाही, कारण ती बाई पुन्हा माझ्याकडे आली नाही. का यावे तिने?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळत होता. नवऱ्याला कुणीतरी सांगितले की धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या खोलीत टाकून दार बंद केले, की एका रात्रीत सर्व साफ. त्याने त्या कोठून तरी मिळवल्या. बायको-मुलींना नालासोपाऱ्याला बहिणीकडे पाठवले, गोळ्या ठेवल्या, दाराच्या फटी वर्तमानपत्राने बंद केल्या आणि स्वतःही गेला. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतील ओलाव्याने विषारी वायू सोडतात, त्या वायूवर उतारा नाही, आणि त्या राहत्या घरात वापरण्याची कुणालाही परवानगी नाही, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा?

रात्री अडीच वाजता धर्मगुरुनिवासाचे दार कुणीतरी दोन्ही हातांनी बडवू लागले. पाचव्या खोलीतले आजोबा आणि त्यांची चार वर्षांची नात उलट्या करीत होती. मुलीला श्वास घेता येत नव्हता. खोलीत लसूण कुजल्यासारखा वास भरला होता. देवळाच्या गाडीतून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. वाटेत मी त्या मुलीच्या कपाळावर क्रूसाची खूण करीत होतो आणि माझा हात थरथरत होता. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. देवाच्या दयेने दोघेही वाचली. 'देवाच्या दयेने' हे शब्द मी आजवर हजारदा लिहिले-बोललो असेन. त्या तीन दिवसांनंतर ते मला सहजी उच्चारता येत नाहीत.

चौथ्या दिवशी मी शिडी लावून चाळीच्या माळ्यावर चढलो. दोन खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्याच नव्हत्या! आठ फुटांवर त्या थांबत होत्या, आणि वर वाशा-कौलांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पोकळी होती. आठ कुटुंबे आठ दारांमागे राहत होती खरी, पण आढ्याखाली ते एकच घर होते. वायू त्याच वाटेने गेला, आणि ढेकूणही वर्षानुवर्षे त्याच वाटेने ये-जा करीत होते. चौथ्या खोलीने तीनदा काय, तीसदा फवारणी केली असती तरी उपयोग शून्य. कारण तिला तिसऱ्या आणि पाचव्या खोलीत पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाण्याचा अधिकार फक्त एका माणसाला होता. त्या माणसाने तिला अंथरुणे उन्हात घालावयास सांगितले होते.

त्या रात्री मी कागदपत्रांची पिशवी पुन्हा काढली. तिसऱ्या खोलीतल्या पूर्वीच्या भाडेकरूचे दोन वर्षांपूर्वीचे एक पत्र तिच्यात होते: ढेकणांचा उपद्रव फार झाला आहे, कृपया लक्ष घालावे. त्यावर कोपऱ्यात पेन्सिलीने 'पाहू' एवढा शेरा. तो माझ्या हातचा नव्हता. परंतु येथे आलो त्या पहिल्याच महिन्यात सर्व कागद वाचून मी त्यांची यादी केली होती, आणि त्या यादीत हे पत्र माझ्या हस्ताक्षरात नोंदलेले होते. मला ठाऊक होते. चौथ्या खोलीचा करार मी त्यानंतर दोन महिन्यांनी केला, आणि त्या बाईला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. हे मी माझ्या पापनिवेदनात सांगितले आहे; येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे.

लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय आपल्या मिस्साग्रंथातील वाचनांत सहसा येत नाही. सेमिनरीत आम्ही तो भराभर उलटून गेलो होतो. त्यात घराला लागलेल्या चट्ट्याविषयी नियम आहेत. भिंतीवर हिरवट वा तांबूस खळगे दिसले तर काय करावे, हे मोशेच्या नियमशास्त्राने याजकाला सांगितले आहे. म्हणजे काय, तर घर तपासणे हे याजकाचे काम होते! दारातून पाणी शिंपडून पुढे जाणे नव्हे, तर आत जाऊन भिंत पाहणे, सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा येऊन पाहणे, चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून नगराबाहेर टाकायला लावणे, भिंती खरवडून नव्याने लिंपायला लावणे. इतक्यानेही तो परतला, तर घर पाडणे.

त्या अध्यायातल्या दोन गोष्टींपाशी मी बराच वेळ थांबलो. पहिली ही, की याजकाकडे येऊन सांगायचे कुणी? तर ज्याचे घर आहे त्याने. त्याने निदानही करायचे नाही. मला माझ्या घरात काहीतरी दिसते आहे, एवढेच सांगायचे. दुसरी गोष्ट त्याहून हृद्य आहे. याजक आत पाऊल टाकण्यापूर्वी घर रिकामे करण्याची आज्ञा आहे, आणि कारणही तेथेच दिले आहे: याजकाने घर अशुद्ध ठरवले तर आतले सामान त्याबरोबर अशुद्ध ठरू नये म्हणून. दोष घराचा असेल, गाडगी-मडकी आणि अंथरुणे यांवर त्याचा डाग येऊ नये, एवढी काळजी त्या कठोर नियमशास्त्राने घेतली आहे. मी नेमके उलटे केले होते. भिंत न पाहताच अंथरुणाला दोष दिला होता.

आमच्या धर्मग्रामात एक तरुण वकील आहे. त्याला मी विचारले, कायदा काय म्हणतो? तो हसला. म्हणाला, "फादर, ढेकणाचे नाव आपल्या कायद्यात शोधू नका." केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कुणाची याची यादी आहे. रंगसफेदी आणि पाण्याचे पाइप बदलणे मालकाकडे, गटार साफ करणे व बटणांची दुरुस्ती भाडेकरूकडे. ढेकूण, उंदीर, झुरळ यांचे नाव मला त्यात आढळले नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे कलम १४ सांगते, की वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक मात्र नाही. ढेकूण मारणे ही दुरुस्ती का, यावर वकील मंडळी वाद घालतील. भिंत छपरापर्यंत नेणे ही दुरुस्ती, यावर वाद नाही.

त्याने दाखवलेली दुसरी दोन कलमे मला अधिक बोचली. दोन्ही १८८२ सालची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ म्हणते, की घरातला जो मोठा दोष मालकाला ठाऊक आहे, भाडेकरूला ठाऊक नाही आणि साध्या पाहणीत त्याला सापडणारही नाही, तो मालकाने उघड केला पाहिजे. आपल्याकडचे अकरा महिन्यांचे करार हे बहुधा भाडेपट्टे नसून परवाने असतात. तर त्यांच्यासाठी सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ आहे. परवानाधारकाच्या जिवाला वा मालमत्तेला धोका होईल असा ठाऊक असलेला दोष देणाऱ्याने सांगितला पाहिजे. "आता ढेकणाने जिवाला धोका होतो का, असा प्रश्न समोरचा वकील विचारील," असे तो म्हणाला. मी त्याला पाचव्या खोलीतल्या नातीची हकिगत सांगितली. तो पुढे काही बोलला नाही.

निघता निघता त्याने १८४३ चा एक जुना इंग्रजी खटला सांगितला. ब्रायटन येथे एका कुटुंबाने सामानासह घर पाच आठवड्यांसाठी घेतले. घरात ढेकूण निघाले. पहिल्याच आठवड्यात एका आठवड्याचे भाडे देऊन ते घर सोडून गेले, आणि मालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. न्यायालयाने कौल दिला तो भाडेकरूच्या बाजूने: राहण्यासाठी दिलेले सुसज्ज घर राहण्याजोगे असलेच पाहिजे. पुढे तो नियम सामानासह दिलेल्या घरांपुरताच राहिला, ही गोष्ट वेगळी. पण ते भाडेकरू सर आणि लेडी होते. त्यांना घर सोडून जाता आले. आमच्या चौथ्या खोलीच्या बाईचे वीस हजार माझ्या कपाटात होते.

वित्त समितीच्या बैठकीत मी आठही खोल्यांचे काम धर्मग्रामाच्या खर्चाने करण्याचा ठराव मांडला. एक ज्येष्ठ सभासद उठले. भले गृहस्थ आहेत, देवळासाठी त्यांनी पुष्कळ केले आहे. म्हणाले, "फादर, ही माणसे घाण घेऊन येतात. आज ढेकूण, उद्या आणखी काही. एकदा मोफत केले की सवय लागेल." खरे सांगायचे तर फेब्रुवारीत मीही तेच म्हणालो होतो, फक्त माझी भाषा अधिक सौम्य होती.

हे वाक्य मुंबईने पूर्वीही ऐकले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत लोक तापाने मरू लागले, तेव्हा हा प्लेग आहे हे ओळखले ते गोव्याच्या एका कॅथलिक डॉक्टरने, आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याखालून जाताना आपण वर पाहत नाही. त्या वर्षांत सरकारी पथके गरिबांची अंथरुणे-कपडे जाळीत, आणि चाळींच्या भिंतींवर तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत, ज्यांचा अर्थ 'मानवी निवासास अयोग्य' असा होता. ती घरे भाडेकरूंनी बांधली नव्हती. उजेड-वारा नसलेल्या खोल्या त्यांना कुणीतरी बांधून भाड्याने दिल्या होत्या. उंदरावरच्या पिसवेतून रोग येतो हे पुढे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों यांनी दाखवले. तोवर दोष राहणाऱ्यांच्या सवयींवर. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस अजून दिसतात. लोक त्यांच्यापाशी लदीन म्हणत. मी त्या सभासदांना हे सर्व सांगितले नाही. इतकेच म्हणालो की माळ्यावर चढून एकदा पाहून या. ते चढले नाहीत. वय झाले आहे त्यांचे. ठराव एका मताने संमत झाला.

काम नोव्हेंबरात केले. धर्मग्रामाच्या सभागृहात आठ कुटुंबांचे सामान हलवले. अगोदर घरे रिकामी केली, मोशेच्या नियमाप्रमाणे. गवंड्याने सातही आडभिंती कौलांपर्यंत नेल्या, भेगा लिंपल्या, विजेच्या नळ्यांची तोंडे बुजवली. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनी एकाच दिवशी आठही खोल्या फवारल्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या भगिनींनी चुली मांडून मोठमोठ्या हंड्यांत पाणी उकळले. गोधड्या त्यात बुडवून निघाल्या, खाटा पटांगणात उन्हात. आवारात जत्रा भरल्यासारखे झाले होते. आमच्या रेक्टरांची सक्त ताकीद मीही दिली. खर्च आला एक लाख अठरा हजार रुपये, त्यातला बराचसा गवंडीकामाचा. त्या वर्षी गायनवृंदाचा नवा ऑर्गन राहिला, आणि तो अद्याप राहिलेलाच आहे.

वाचकहो, मग भाडेकरूची काही जबाबदारीच नाही का, असे आपण विचाराल. आहे. स्वयंपाकघरातली झुरळे ही बहुतांशी राहणाऱ्याच्या हातची गोष्ट. रस्त्यावरची फेकलेली गादी, जुन्या बाजारातली खाट घरात आणण्यापूर्वी तपासणे त्याचेच काम. फवारणीच्या दिवशी सामान काढून देणे, कपडे उकळणे, हेही त्याचेच. नाहीतर मालकाचे पैसे पाण्यात. वाळवीबद्दल मात्र वाद नको. ती वासे खाते आणि वासे मालकाचे. उंदीर उघड्या गटारातून आणि फुटलेल्या जाळीतून येतो, तेव्हा तोही बहुधा मालकाच्याच दारात जातो. प्रश्न ढेकणाचाच अवघड, कारण तो कुणी आणला हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून कुणी आणला हा प्रश्न मी सोडून दिला आहे. कुणाला सर्व भिंतींच्या दोन्ही बाजूंना जाता येते, एवढेच मी विचारतो. आणि भाडेकरूवर एक काम राहते, ते म्हणजे पहिल्याच आठवड्यात येऊन सांगणे. ते काम त्याला करता येते की नाही, हे मात्र आपण दारात कसे उभे असतो यावर ठरते. सांगितले तर करार पुढे वाढवणार नाहीत, या भीतीने गप्प बसलेली कुटुंबे मला तेव्हापासून या एका धर्मग्रामात तीन भेटली. तिन्ही आपल्याच लोकांच्या खोल्यांत.

चौथ्या खोलीतले कुटुंब २०१९ च्या मे महिन्यात गेले. त्या रात्रीनंतर नवरा माझ्या डोळ्याला डोळा देत नसे. मीही त्याला देत नव्हतो, याची त्याला कल्पना नसावी. पाचव्या खोलीच्या आजोबांनी त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे नाकारले होते. अनामत परत घेण्यास बाई एकटीच आली. तिच्या तीन फवारण्यांचे साडेचार हजार मी त्या पाकिटात वेगळे घातले होते. तिने ते मोजले, काय आहे ते तिला कळले, आणि ती काही बोलली नाही. किल्ली टेबलावर ठेवताना म्हणाली, "फादर, नवीन येणाऱ्यांना सांगाल ना?"

मी नवी वही घातली. प्रत्येक खोलीचे एक पान. केव्हा काय निघाले, केव्हा फवारले, कुणी फवारले. जूनमध्ये एक जोडपे खोली पाहावयास आले. मी वही पुढे ठेवली आणि त्या वर्षाची हकिगत सांगितली. ती दोघे एकमेकांकडे पाहू लागली. "घरी विचारून कळवतो, फादर," असे म्हणून गेली ती परतली नाहीत. दुसरे आले, तेही तसेच. वित्त समितीच्या बैठकीत भाड्याच्या रकान्यात दोन महिने रेघ होती आणि त्या ज्येष्ठ सभासदांनी तीवर नुसते बोट ठेवले. ऑगस्टमध्ये रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका आईला घेऊन आली. तिने पान वाचले, खाटेच्या जागेमागच्या भिंतीवरून बोट फिरवले, माळ्याकडे मान वर करून पाहिले.

"शेवटची फवारणी नोव्हेंबरातली," ती म्हणाली. "त्यानंतर तपासलेत का कुणी?"

तपासले नव्हते. मी टॉर्च आणावयास आत गेलो.